मदत हवी आहे : १९४५ साली ब्रह्मदेशावर गेलेलं बाँबर परत आलं नाही, त्यातल्या माणसांचं पुढे काय झालं हे कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी,

इथे पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझे आजोबा संगमेश्वर तालुक्यातले. दुसऱ्या महायुद्धात ते बंगालमध्ये मिदनापूर जिल्ह्यातल्या दिग्री विमानतळावर वैमानिकांच्या मेसमध्ये बेअरर होते. तिथून रॉयल एअर फोर्सची चार इंजिनांची लिबरेटर विमानं ब्रह्मदेशात जपान्यांवर बाँब टाकायला जायची. त्याबद्दल आजोबा फारसं बोलत नसत. "साहेब लोक होते, चहा लागायचा" एवढंच.

गेल्या महिन्यात गावचं घर आवरताना त्यांच्या ट्रंकेत पंचांगांच्या खाली उधारीची एक वही सापडली. कुणी किती अंडी खाल्ली, सिगरेटी नेल्या, धोब्याचे किती झाले, सगळा हिशेब शिसपेन्सिलीत. प्रत्येक पानावर पैसे मिळाल्याची तिरकी रेघ आहे. एकाच पानावर ती नाही. त्या पानावर आठ जण आहेत. नावं आजोबांच्या कानाला जशी लागली तशी: बिलसाब, लंबू, मास्तर, वायरलेस, लालकेस... बिलसाबकडे सहा आणे, लंबूकडे धोब्याचे चार. आठ जणांची बेरीज चार रुपये अकरा आणे. खाली लिहिलंय, "विमान परत आले नाही." वर तारीख आहे, पण पहिला आकडा कसरीने खाल्लाय. उरलंय ते "१ जानेवारी १९४५". म्हणजे १, ११, २१ किंवा ३१.

हे आठ जण कोण, आणि विमान पडल्यावर त्यांचं काय झालं? मेले, पकडले गेले की सुटले? मी राष्ट्रकुल युद्ध स्मशानभूमी आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) संकेतस्थळावर यांगूनजवळच्या (तेव्हाचं रंगून) तौक्क्यानच्या यादीत शोधलं. सत्तावीस हजारांच्या आसपास नावं आहेत, त्यातून हाती काही लागलं नाही. जाणकारांनी वाट दाखवावी.

— जुनीवही

रंगूनरिटर्न : तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात, पण ही चूक सगळेच करतात. तौक्क्यानच्या रंगून स्मारकावर थडगं न सापडलेले भूदलाचे लोक आहेत. दक्षिण आणि पूर्व आशियात बेपत्ता झालेल्या वायुसैनिकांची नावं सिंगापूरला क्रांजीच्या स्मारकावर आहेत. तिथेही चोवीस हजारांवर नावं आहेत, त्यामुळे नावाशिवाय जाऊ नका. आधी स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, पकडा. १९४५ च्या सुरुवातीला दिग्रीला १५९ स्क्वाड्रन होतं.

आळशी_कासव : आजोबांचं पान वाचून गलबलून आलं. माझे सासरे सालबनीजवळ नोकरीला होते, तिथेही लिबरेटरांचा तळ होता. आता तिथे नोटा छापतात. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

फाईलबहाद्दर : स्क्वाड्रनची रोजनिशी असते, तिला ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक म्हणतात. ती लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एआयआर २७' या मालिकेत आहे आणि घरबसल्या उतरवून घेता येते. तिचे दोन भाग असतात. फॉर्म ५४० म्हणजे दिवसभराचा गोषवारा. तुम्हाला हवाय तो फॉर्म ५४१. त्यात विमानाचा क्रमांक, आतल्या प्रत्येकाचं नाव आणि हुद्दा, उड्डाणाची वेळ असं सगळं ओळीने असतं. न परतलेल्या विमानापुढे उतरल्याची वेळ नसते. चार तारखा म्हणजे एका संध्याकाळचं काम.

अमेरिकी निघाले तर मार्ग वेगळा. त्यांच्या प्रत्येक हरवलेल्या विमानाचा 'मिसिंग एअर क्रू रिपोर्ट' असतो. पण दिग्री म्हणता, तर ब्रिटिशच धरा.

जुनीवही : दोघांचे आभार. पकडले गेले असतील तर कुठे ठेवत?

रंगूनरिटर्न : बहुतेकांना शेवटी रंगूनच्या मध्यवर्ती तुरुंगात. चाकाच्या आऱ्यांसारख्या इमारती होत्या त्याच्या. पकडलेल्या वैमानिकांना जपानी लोक युद्धकैदी धरत नसत, गुन्हेगार म्हणत. बाकीच्यांपासून वेगळं कोठडीत ठेवायचं आणि खायला इतरांपेक्षा कमी द्यायचं. एप्रिल १९४५ च्या शेवटी चालू शकणाऱ्या चारशेएक कैद्यांना पेगूच्या दिशेने पायी काढलं आणि वाटेत सोडून दिलं. मागे राहिलेल्यांना एका सकाळी कळलं की पहारेकरी रातोरात पसार झालेत. त्यांनी छपरावर 'जॅप्स गॉन, ब्रिटिश हिअर' असं रंगवलं. वरून जाणाऱ्या त्यांच्याच विमानांना ती जपान्यांची चाल वाटली आणि बाँब पडलेच. मग छपरावर 'एक्सट्रॅक्ट डिजिट' लिहिलं, म्हणजे बोट काढा, हात चालवा. ही वायुसेनेतली चावट बोली, जपान्याला सुचणं शक्य नाही. २ मे रोजी विंग कमांडर सॉन्डर्स मॉस्किटो जातीचं विमान घेऊन रंगूनजवळच्या मिंगलाडोनच्या खड्डे पडलेल्या धावपट्टीवर उतरला, विमान मोडून बसला आणि तिथून तुरुंगात गेला. शहर घ्यायला आलेलं सैन्य अजून नदीतच होतं.

सुटलेल्या कैद्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या क्यूलाच 'डब्ल्यूओ ३४४' मध्ये आहेत. कोण कुठे पकडला गेला, सोबत कोण होतं, हे त्यांच्याच हातचं.

फाईलबहाद्दर : सांगू की नको असं झालं होतं, पण तुमच्या चार तारखांत ३१ जानेवारी आहे म्हणून लिहितो. त्या दिवशी १५९ चं एक लिबरेटर, बीझेड ९३८, ब्रह्मदेशात जंगलात कोसळलं. सहा जण जिवंत पकडले गेले आणि सहाही जणांचा छळ झाला. नंतर त्यांची ताटातूट केली. अधिकारी नसलेल्या चौघांना ७ फेब्रुवारीला इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात म्यांगम्याजवळ रानात नेऊन खणून ठेवलेल्या चराच्या काठावर त्यांचा शिरच्छेद केला. वायरलेस ऑपरेटर स्टॅन्ली वुडब्रिजला शेवटपर्यंत राखून ठेवलं. सांकेतिक लिपी आणि लहरींची माहिती त्याच्याकडून काढायची होती, म्हणून त्याला अखेरच्या घटकेपर्यंत मारहाण चालू होती. तो बोलला नाही. १९४८ मध्ये त्याला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक दिलं. युद्धानंतर खटला चालून तीन जपान्यांना फाशी झाली. अशा खटल्यांची कागदपत्रं 'डब्ल्यूओ २३५' मध्ये असतात.

वहीतला 'वायरलेस' तोच, असं मी म्हणत नाही. प्रत्येक लिबरेटरात वायरलेसवाला असतोच.

जुनीवही : वाचून दोन दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. पण पानावर आठ आहेत, तुम्ही सहा म्हणता.

फाईलबहाद्दर : सहा हे *पकडलेले*. विमानात त्याहून जास्त माणसं असणार, लिबरेटरला आठ ते अकरा लागत. त्यामुळे आठ हा आकडा जुळतही नाही आणि आड येतही नाही.

पेन्सिलतासणी : मधेच तोंड घालते. तारीख आणि "विमान परत आले नाही" हे एकाच पेन्सिलीतलं आहे का? माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. उधारीच्या पानावर वर असते ती खातं *उघडल्याची* तारीख. माणूस मेल्याची नव्हे.

जुनीवही : ताई, तुम्ही झोप उडवलीत. भिंग घेऊन बघितलं. तारीख आणि हिशेब शिसपेन्सिलीत, खालचं वाक्य निळ्या शाईत. म्हणजे खातं जानेवारीत उघडलं आणि विमान नंतर कधीतरी गेलं. पुढच्या पानावर १२ फेब्रुवारी आहे, पण ते पान विमान जाण्याआधी उघडलेलंही असू शकतं.

पेन्सिलतासणी : मग चार तारखांचा हट्ट सोडा. जानेवारीपासून एप्रिलपर्यंतचा सगळा फॉर्म ५४१ वाचून काढा. आणि हिशेब बघा. एखाद्याकडे अंडी पंधरा दिवसांची साठली असतील, तर दिवस मोजता येतील.

रंगूनरिटर्न : वा! सहमत. अजून एक. वहीत कुठे रेशमी कापडाचा तुकडा सापडला का? ब्रह्मदेशावर जाणाऱ्यांजवळ रेशमावर छापलेले नकाशे असायचे. शिवाय "या माणसाला मदत करा, सरकार बक्षीस देईल" असा अनेक भाषांतला मजकूर जवळ असे.

जुनीवही : कापड नाही. वहीत बडीशेपेची एक पुडी होती, तिचा भुगा झालाय.

जुनीवही (आजची भर) : रोजनिशीच्या फाइली उतरवायला घेतल्यात, नेट रडतंय. पानाचा फोटो खाली देतोय. लंबूच्या ओळीत "अंडे" नंतर "७ दि" आहे की "१ दि" हे कुणाला लागतंय का? दोन भिंगं लावूनही मला लागत नाहीये. आणि लंडनकडचं कुणी क्यूला जाणारं असेल तर 'डब्ल्यूओ २३५' साठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, झेरॉक्सचे पैसे लगेच पाठवतो.