गोळी कुणाच्या बंदुकीची, हे मशीन सांगत नाही

लश्करकर
काल इथे एका गृहस्थांनी ठोकून दिलं: "गोळी सापडली की आरोपी सुटूच शकत नाही, मशीन दोन मिनिटांत बंदूक सांगतं." वाचून डोकं फिरलं. असं मशीन नाही हो! कंपॅरिझन मायक्रोस्कोप म्हणजे दोन मायक्रोस्कोप जोडलेले. एकाखाली मयताच्या अंगातली गोळी, दुसऱ्याखाली जप्त हत्यारातून पाण्याच्या टाकीत झाडलेली. चित्राच्या मधोमध एक रेघ. तज्ज्ञ एक गोळी तसूतसूने फिरवत राहतो, रेघेच्या अलीकडचे ओरखडे पलीकडच्यांशी लागेपर्यंत. जुळले की नाही, ते त्याचा डोळा ठरवतो. अमेरिकेत 1920 च्या दशकापासून हे चालू आहे, आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांनी 2016 मध्ये लिहून दिलं की या कामाची नीट आखलेली चाचणी एकच झाली आहे.

त्यातून हे सगळं रायफलिंगच्या, म्हणजे आतून पीळदार खाचा पाडलेल्या नळीचं; त्या खाचांचेच ओरखडे गोळीवर उठतात. आपल्या ग्वाल्हेर-भिंड-मुरैन्यात पकडला जातो तो कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल. स्टिअरिंगच्या रॉडची नळी, आतून गुळगुळीत, 315 बोरचं काडतूस त्यात सैल बसतं. गोळी डगमगत सुटते. त्याच कट्ट्याच्या दोन बारांच्या गोळ्याही धड जुळत नाहीत. यावर माणसाला जन्मठेप द्यायची?

मुरारचा शशी
दादा, अर्धंच सांगितलंत. कट्ट्याची गोळी बोलत नसेल, पुंगळी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं रिकामं टरफल, बोलते. खिळा घासून केलेली, काडतुसावर आपटणारी फायरिंग पिन, कानशीचे व्रण तसेच राहिलेला ब्रीच, म्हणजे काडतुसाचा तळ टेकतो तो भाग. ते पुंगळीच्या तळाच्या टोपीवर उमटतात, आणि हातकामाचे व्रण एकसारखे नसतात. सरसकट "भरवसा नाही" म्हणालात तर उद्या खुनी हेच छापून कोर्टात दाखवतील.

लश्करकर
पुंगळीचं मान्य. पण कट्टा मधून उघडून काडतूस भरावं लागतं, पुंगळी आपोआप बाहेर पडत नाही. मारेकरी ती कट्ट्यातच घेऊन पळतो. मग जुळवणार कशाशी?

वकीलबाई
दोघेही लॅबवर भांडताय, केस बुडते त्याच्या आधी. पंचनाम्यात लिहिलेलं असतं "एक पुंगळी मिळाली". तळावर काय कोरलंय, कुठे पडली होती, सील कुणाचं, काही नाही. कट्टा आणि पुंगळी महिनोन्‌महिने ठाण्याच्या मालखान्यात, मग एकाच दिवशी सागरच्या लॅबला. मी बचावाकडून उभी राहते तेव्हा पहिला प्रश्न हाच: ही पुंगळी जप्तीनंतर याच कट्ट्यातून झाडली नाही कशावरून? नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी घटनास्थळी जायचंय. ते खरोखर होऊ द्या.

आणि हत्यार नाही म्हणून केस नाही, असंही नाही. दिल्लीतल्या जेसिका लाल खून प्रकरणात पिस्तूल मिळालंच नाही. दोन पुंगळ्या दोन हत्यारांच्या वाटतात या मताचा बचावाला फायदा झाला, खालच्या कोर्टाने सोडलं. 2006 मध्येच हायकोर्टाने दोषी ठरवलं, 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केलं.

सुलभामावशी
खुन्यांचं बोलताय, वरातींचं कोण बोलणार? माझ्या भाच्याच्या खांद्यात छर्रे घुसले, मॅरेज गार्डनच्या दारात, बँड वाजत असताना. चार-पाच जण बारा बोर घेऊन नाचत होते, सगळे लायसनवाले. छर्ऱ्यांवरून बंदूक ओळखता येत नाही असं आम्हाला सांगितलं. पुंगळ्या? झाडूवाल्याने सकाळी फुलांबरोबर ट्रॉलीत भरल्या. पोराचा हात अजून डोक्यापर्यंत जात नाही.

दुनाळी
मावशी, वाईट झालं. पण लायसनवाल्यांना धोपटणं बंद करा. निवडणूक आली की आम्हीच ठाण्यात रांग लावून बंदुका जमा करतो, कट्टेवाला मोकळा. आमच्या घरात आजोबांपासून दुनाळी आहे.

सुलभामावशी
आजोबांनी वरातीत बार काढले होते का? 2019 पासून हर्ष फायरिंगला, म्हणजे आनंदात हवेत बार काढण्याला, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार द्यायला गेले तर वरपक्षानेच माझ्या बहिणीचा फोन उचलणं सोडलं.

दुनाळी
माझ्या आजोबांवर जाऊ नका. सांगून ठेवतो.

मुरारचा शशी
मावशी, छर्ऱ्यांवरून बंदूक नाही कळत, हे खरं. पण छर्रे किती पसरले यावरून अंतर काढतात, त्याच बंदुकीने, तसल्याच काडतुसांनी चाचणी घेऊन. अंतर कळलं की लग्नाच्या व्हिडिओवरून कोण कुठे उभा होता ते बघता येतं. व्हिडिओ मागवला होता का कुणी?

सुलभामावशी
नाही. व्हिडिओवाला वरपक्षाचा होता.

लश्करकर
म्हणजे वकीलबाईंचंच खरं म्हणायचं. माझा 2016 चा मुद्दा मी सोडत नाही, पण इथे लॅबपर्यंत काही पोचलंच नाही.

दुनाळी
लायसनवर घेतलेल्या काडतुसांचा हिशेब मागा. नवं पाकीट घेताना जुन्या पुंगळ्या जमा करायला लावा. माझी हरकत नाही, पण आमदारांच्या गाडीतल्यांपासून सुरुवात करा.

वकीलबाई
सुरुवात कुठूनही करा. मावशी, केस बंद झाली नसेल तर एफआयआरची प्रत मला दाखवा.