राजीनामा आधी की अपंगत्व पेन्शनचा अर्ज आधी?

मेघा_के
नमस्कार, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. मिस्टर ४६ वर्षांचे, प्रायव्हेट कंपनीत क्वालिटीला, १३ वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जातंतूंचा आजार) निघालं. आत्तापर्यंत कसंबसं रेटलं पण आता उजव्या हाताच्या बोटांत जोरच नाहीये, व्हर्नियर (मापं घ्यायचं साधन) हातातून निसटतो, एकेक पार्ट दोनदा मोजायचा आणि तरी रीडिंगचा भरवसा नाही, परवा तर शर्टाची बटणं लावायला पंधरा मिनिटं गेली, मी लावते म्हटलं तर चिडले. एचआर म्हणतंय अर्ध्या पगारावर अर्धा दिवस या नाहीतर राजीनामा द्या, "वैयक्तिक कारणास्तव" असं लिहा म्हणजे हिशोब पटकन होतो. पीएफमधून अपंगत्वाची पेन्शन मिळते म्हणे, पण ती नोकरी सोडल्यावरच मागायची ना? यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, ५५ टक्क्यांचं.

जुना_पीएफवाला
ताई, तो "वैयक्तिक" शब्द असलेला कागद अजिबात देऊ नका. ईपीएस ९५ मध्ये (पीएफबरोबरची पेन्शन योजना) नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तरच ही पेन्शन मिळते, दहा वर्षांची अटसुद्धा नाही, एक महिन्याचं योगदान भरलेलं असलं तरी चालतं. साधा राजीनामा देऊन बसलात तर ५० पर्यंत हात चोळत बसायचं, आणि ५० ला घेतली तर ५८ ला (पूर्ण पेन्शनचं वय) जितकी वर्षं कमी तितके वर्षाला ४ टक्के कट. फॉर्म १०-डी भरायचा, मेडिकल तपासणी होते. आणि ५५ टक्क्यांवर फार विसंबू नका, तिथे बघतात की माणूस जे काम करत होता त्या कामाला कायमचा निकामी झालाय का. म्हणून न्यूरोच्या डॉक्टरांकडून नुसता आजार नाही, व्हर्नियर धरता येत नाही हे लिहून घ्या. रक्कम मात्र फार नाही हं, १५ हजार (पेन्शनसाठी जास्तीत जास्त एवढाच पगार धरतात) गुणिले १३ वर्षं भागिले ७०, म्हणजे महिन्याला पावणेतीन हजारांच्या थोडं वर.

राजेश_२२
२०१६ च्या दिव्यांग कायद्याने कंपनी काढूच शकत नाही, दुसरी पोस्ट द्यावी लागते. आणि अर्धा पगार घेऊ नका, ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर असते, ती पण अर्धी होईल.

हिशोबनीस
राजेश, ते कलम २०(४) सरकारी आस्थापनांसाठी आहे, प्रायव्हेटला ते दाखवून उपयोग नाही. ग्रॅच्युइटीचं पण अर्धंच बरोबर. अपंगत्वानंतर कमी पगारावर काम केलं तर आधीची वर्षं जुन्या पगाराने आणि नंतरचीच नव्या पगाराने धरतात, ग्रॅच्युइटीच्या कायद्यातच सरळ लिहिलंय. समजा बेसिक २६ हजार असेल तर १३ वर्षांचे १ लाख ९५ हजार, ते ९७ हजार ५०० होत नाहीत. पण हे कधी, तर पगार अपंगत्वामुळे कमी केला असं पत्रात असेल तेव्हा. "कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून" असं लिहिलं की भांडत बसा. ईपीएसला मात्र शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी असते, त्यामुळे अर्धा पगार १५ हजारांच्या खाली गेला तर हळूहळू पेन्शन पण घसरणार.

मेघा_के
बाप रे, तो "विनंतीवरून"चा मसुदा त्यांनी मेलवर पाठवलाच आहे! मग उलट आम्हीच पत्र द्यायचं का?

जुना_पीएफवाला
हो. आजाराचं नाव, निदानाची तारीख, कोणतं काम जमत नाही, सर्टिफिकेट जोडलंय, एवढंच लिहा. दोन प्रती न्या, एकीवर इनवर्डचा (पत्र मिळाल्याचा) शिक्का घ्या, नाही मारला तर मेलवर टाका. सोडायचंच ठरलं तर सोडण्याचं कारण पण आजारपणामुळे कामास कायमचे असमर्थ असंच, पीएफ काढताना तेच लागतं.

मेघा_के
पत्र लिहिलंय. सही त्यांनी डाव्या हाताने केली, बँकेतल्या सहीशी जुळत नाही, आता ते पण बदलावं लागेल की काय...

हिशोबनीस
हो, आणि ते अर्जाच्या आधी करा. पैसे त्याच खात्यात येणार.