तादामी रेल्वेमार्ग: पूलही पाहायचा आणि गाडीतही बसायचे, हे एका दिवसात जमेल का?

पार्लेकर (प्रश्न)

दिवाळीच्या सुट्टीत आईला घेऊन जपानला जाण्याचे ठरले आहे. आइझु-वाकामात्सु ते कोइदे हा 135.2 किलोमीटरचा तादामी मार्ग मला पूर्ण करायचा आहे आणि छायाचित्रांत नेहमी दिसणारा, नदीवरचा तो पोलादी कमानीचा पूलही पाहायचा आहे. वेळापत्रक उघडले, तर संपूर्ण मार्गावर धावणाऱ्या गाड्या दिवसाला जेमतेम तीन निघाल्या. दोन-तीन मिनिटांनी लोकल येणाऱ्या फलाटावर वाढलेल्या माणसाला हे आधी खरेच वाटले नाही. दोन्ही गोष्टी एका दिवसात साधतील का? आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने आणि शौचालय यांविषयीही कळवावे. शिवाय हा मार्ग फुकुशिमा प्रांतात आहे, हे ऐकल्यापासून मावशी अस्वस्थ आहे.

घाटातला डिझेल

एका दिवसात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुलावरून जाणाऱ्याला पूल दिसत नाही. खाली तादामी नदीचे संथ हिरवे पाणी तेवढे दिसते. पूल पाहायचा तर आइझु-मियाशिता स्थानकावर उतरून, टॅक्सी करून मिशिमा गावाच्या महामार्गावरील थांब्यापाशी जावे लागते आणि तिथून डोंगरात चढणाऱ्या पायऱ्यांनी वर जावे लागते. पाहण्याच्या जागा वेगवेगळ्या उंचीवर आहेत. आईंनी सर्वांत खालच्या जागेवर थांबावे, हे बरे.

दुसरी अडचण उजेडाची आहे. वाकामात्सुहून सुटणाऱ्या तीन गाड्या साधारण सकाळी सहा, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच या सुमाराच्या आहेत, आणि कोइदेपर्यंत साडेचार तास लागतात. नोव्हेंबरच्या आरंभी तिकडे पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून दुपारच्या गाडीने निघालात तर तादामी गावापलीकडचा डोंगर अंधारातच जाईल. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत वाकामात्सुला पोहोचून, जवळच्या टप्प्यावर थोड्या अधिक गाड्या आहेत त्यांतील एकीने मियाशिताला जाऊन पूल पाहून परत यावे, स्थानकाजवळ मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने थेट कोइदे गाठावे. तिथून उरासा दोन स्थानकांवर आहे आणि तोक्योकडे जाणारी शिनकानसेन (बुलेट ट्रेन) तिथे मिळते. परतीची तिकिटे काढण्यापूर्वी त्या काळातले वेळापत्रक मात्र पुन्हा ताडून पाहा.

गाडीत शौचालय आहे. गाडी बहुधा दोनच डब्यांची असते, आणि पानगळीच्या रंगांच्या दिवसांत तिच्यात उभ्यानेही प्रवास करावा लागतो. म्हणून फलाटावर वेळेआधी उभे राहा. किहा 40 या जुन्या डिझेल गाड्या तिथून 2020 मध्ये गेल्या. आता किहा ई120 आणि किहा 110 धावतात.

गिरगावातून

मावशींना सांगा की वाकामात्सु अणुवीज केंद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, डोंगरापलीकडे आहे. या मार्गाचे नुकसान 2011च्या त्सुनामीने नव्हे, तर त्याच वर्षीच्या जुलैमधील पावसाने केले. जुलैच्या अखेरचा पाऊस रेल्वेचे काय करतो, हे 2005 नंतर मुंबईकराला वेगळे सांगायला नको. आपली माथेरानची गाडीही तेव्हा बराच काळ बंद होती. तादामी मार्गावर नदीवरचे तीन पूल निकामी झाले आणि आइझु-कावागुची ते तादामी हा 27.6 किलोमीटरचा टप्पा तुटला. पुरापूर्वी त्या टप्प्यावर दिवसाला सरासरी 49 प्रवासी असत, म्हणजे आपल्या लोकलच्या एका दारात गर्दीच्या वेळी लोंबकळणाऱ्यांहून फार अधिक नव्हेत. जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने बसचा पर्याय सुचवला, तो स्थानिकांना मान्य नव्हता. अखेर 2017 मध्ये करार झाला: रूळ, पूल आणि बोगदे प्रांताचे, गाड्या जेआर ईस्टच्या. 1 ऑक्टोबर 2022 रोजी मार्ग पुन्हा सलग सुरू झाला.

गंमत अशी की हाच टप्पा मुळात प्रवाशांसाठी बांधलेला नव्हता. तागोकुरा धरणाचे बांधकाम-साहित्य वाहून नेण्यासाठी तो टाकला गेला आणि प्रवासी वाहतूक 1963 मध्ये सुरू झाली. पलीकडचा, 6,359 मीटरचा रोकुजुरिगोए बोगदा पार झाल्यावर 1971 मध्ये दोन्ही टोके जुळली. समांतर रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो. ऐंशीच्या दशकात तोट्यातले मार्ग बंद केले जात असताना हा मार्ग वाचला, तो मुख्यतः त्या रस्त्यामुळे.

पार्लेकर

दोन दिवसांचाच बेत करतो. वाटेत काही खायला मिळेल का? आणि बिनकर्मचाऱ्यांच्या स्थानकावर तिकीट कसे काढायचे?

घाटातला डिझेल

गाडीत फेरीवाला येत नाही, त्यामुळे डबा आणि पाणी वाकामात्सुलाच घ्या. अशा स्थानकावर चढताना दाराजवळच्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, पुढच्या फलकावर त्या क्रमांकाखाली भाडे दिसते, आणि उतरताना चिठ्ठीसह सुटे पैसे चालकाजवळच्या पेटीत टाकायचे. कार्डावर विसंबू नका, ते सगळीकडे चालत नाही.

आणखी एक. दार आपोआप उघडत नाही, बाजूचे बटण दाबावे लागते. मी पहिल्यांदा मियाशिताला उतरताना दारासमोर बॅग धरून शांतपणे उभा होतो, कारण दार बंद असते हेच मुळी आपल्या हाडात नाही. मागच्या आजींनी माझ्या खांद्यावरून हात घालून बटण दाबले.