जुनी येझदी घेऊन कच्च्या रस्त्याने आजोळी: काय तयारी करू?

आजोळकर:
मंडळी, बाबांची १९८४ची येझदी २५० मोटरसायकल दोन वर्षं खपून पुन्हा चालती केलीय. दिवाळीनंतर पुणे–महाबळेश्वर–तापोळा, तिथून तराफ्यावर गाडी चढवून कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडायचा, आणि पलीकडे मामाच्या गावापर्यंत १२-१४ किमी कच्चा रस्ता. मुरूम, सुटी खडी, दोन ओढे. एका दुकानदाराने खरबरीत नक्षीचे ऑफ-रोड टायर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा म्हणून सांगितलंय. एवढा खर्च करू का?

दोनस्ट्रोक्या:
१२ किमीसाठी टायर? आहेत त्यातली हवा ४-५ पीएसआय कमी करा, झालं. त्याखाली नको, दगडावर ट्यूब चिमटून पंक्चर होईल. ठिणगी पाडणारे जुन्या इग्निशनचे पॉइंटही राहू द्या. रस्त्यात बिघडले तर पॉलिश पेपर मारून ०.४ मिमी गॅप लावला की गाडी चालू. ते इलेक्ट्रॉनिक डबडं गेलं तर ढकलत न्या! कंडेन्सर आणि दोन प्लग जवळ ठेवा.

खरी काळजी कच्च्या रस्त्याची नाहीच, त्याआधीच्या उताराची आहे. महाबळेश्वरहून तापोळा म्हणजे नुसतं उतरणं. येझदीसारख्या टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग (गिअरमध्ये ठेवून इंजिननेच वेग रोखणं) जेमतेम, आणि ऑइल पोचतं ते पेट्रोलबरोबरच. थ्रॉटल मिटून गाडी गिअरवर सोडलीत की इंजिन जोरात फिरतंय आणि तेलाचा पत्ता नाही. आंबेनळी घाटात माझा पिस्टन असाच सिलिंडरमध्ये जाम झाला होता, पुढचा प्रवास टेम्पोतून. अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल पिळत राहा. ब्रेकचे ड्रम तापले की सरळ थांबा.

बुलेटवाली:
इग्निशनबद्दल असहमत. माझ्या जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटला इलेक्ट्रॉनिक बसवून सहा वर्षं झाली, एकदाही कुरकुर नाही. पण निघायच्या तोंडावर बसवू नका हे खरं.
खडीवर फुटरेस्टवर उभे राहा, गुडघ्यांनी टाकी धरा, हँडल मात्र सैल. दुसरा गिअर, एकसारखा थ्रॉटल. पुढच्या चाकाकडे बघू नका, जिथे बघाल तिथेच जाल. पुढचा ब्रेक खडीवर विसरायचा. ओढ्यातून बाहेर आलात की ब्रेक हलके दाबून थोडं चालवा, ओले ड्रम धरत नाहीत.

मिस्त्रीबुवा:
सायलेन्सर सिलिंडरला जिथे बसतो ते रिंग नट बघितलंत का? हादऱ्यांनी पहिलं तेच सुटतं, आणि आटे खाल्ले की सिलिंडरच उतरवावा लागतो. सी-स्पॅनर, म्हणजे आकड्यासारखा वाकडा पाना, घ्याच. साधा पाना तिथे चालत नाही.
क्लच केबल तुटली तरी घाबरू नका. येझदीत गिअरचा पाय दाबला की क्लच आपोआप सुटतो, फक्त सेटिंग बरोबर हवं. घरी एकदा लिव्हर न दाबता गिअर टाकून बघा. चेन पेटीबंद आहे, धुळीचं सोडा. स्पोक पान्याने वाजवून बघा, जो बद् वाजेल तो ढिला.

आजोळकर:
टायर रद्द, इग्निशन पुढच्या वर्षी बघू. पेट्रोल आता इथेनॉलवालं मिळतं, ऑइल लिटरला किती टाकता?

दोनस्ट्रोक्या:
मी ४० मिली टाकतो. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून परत आल्यावर टाकीत मिश्रण साठवून ठेवू नका. जुनी रबरी नळीही बदला, ती फुगते.

आजोळकर:
बुवा, आत्ता खाली जाऊन रिंग नट बघून आलो. बोटांनी फिरलं. सी-स्पॅनर पुण्यात कुठे मिळेल?

मिस्त्रीबुवा:
नाना पेठेत विचारा. येझदीचा म्हणून सांगा, आणि जुनं नट सोबत न्या.