प्रति: 'द इन्स्पेक्शन' - त्याला घरी का पाठवत नाहीत?
या चित्रपटात अमेरिकेच्या मरीन या लष्करी दलात नवा भरती झालेला फ्रेंच समलिंगी आहे, हे आंघोळीच्या प्रसंगानंतर अख्ख्या तुकडीला कळतं, तरी त्याला कोणी काढत नाही, ही पटकथेतली ढिलाई आहे, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. मला नाही वाटत. कथा २००५ ची आहे आणि तेव्हा अमेरिकेत सैन्यातल्या समलिंगींबाबतचा १९९३ चा 'विचारू नका, सांगू नका' कायदा चालू होता. त्यात एखाद्याला काढायला संशय किंवा बराकीतली कुजबुज पुरत नसे. स्वतःच्या तोंडची कबुली, प्रत्यक्ष समलिंगी कृती किंवा समलिंगी विवाह (निदान त्याचा प्रयत्न), यांपैकी एक तरी लागे. चौकशी लावायचा अधिकार कमांडरचा, तोही विश्वासार्ह माहिती हाती असेल तरच. म्हणून प्रशिक्षक छळतात आणि हा आपणहून कधी सोडून जातो याची वाट बघतात. काढायचे कागद कोणी करत नाही. त्यात इराकचं युद्ध, माणसांची टंचाई. २००१ मध्ये या कायद्याखाली बाराशेहून जास्त जणांना काढलं होतं, २००५ मध्ये आकडा साडेसातशेच्या आत आला. गरज पडली की नियम सैल, हे काही तिथलंच नाही म्हणा!

आणखी एक. मरीनच्या १३ आठवड्यांच्या प्रशिक्षणात रिक्रूटला (नव्या भरतीच्या जवानाला) 'मी' म्हणता येत नाही, स्वतःला 'हा रिक्रूट' म्हणावं लागतं. दिग्दर्शक एलेगन्स ब्रॅटन स्वतः मरीन होते, त्यामुळे हे तपशील चोख आहेत. पुन्हा बघाल तेव्हा फ्रेंच 'मी' कुठे आणि कोणासमोर म्हणतो, तेवढं ऐका.