फॉर्म्युला वन, सिल्वरस्टोन २०२० (ब्रिटिश ग्रां प्री): रेड बुलच्या मॅक्स व्हर्स्टापनला पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) बोलवायला नको होतं का?

प्रश्न: शेवटच्या लॅपला हॅमिल्टनचा पुढचा डावा टायर फुटला, तीन चाकांवर गाडी ओढत जिंकला तो. मॅक्स तेव्हा फास्टेस्ट लॅपच्या जादा गुणासाठी नवे टायर घालून आलेला, सहा सेकंदांपेक्षाही कमी फरकाने दुसरा! ट्रॅकवर थांबला असता तर रेस त्याचीच होती ना?

उत्तर: असं नक्की कसं म्हणणार? त्याच्या उतरवलेल्या टायरवर पण बारीक बारीक काप होते म्हणे. बोटासचा टायर दोन लॅप आधीच गेलेला, नंतर साइन्झचा पण गेला, सगळे डावे पुढचेच. रेड बुलने बरोबरच केलं.

उत्तर: मूळ कारण सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी). ती लवकर आली म्हणून बहुतेकांनी तेव्हाच हार्ड (कडक रबराचे, जास्त टिकणारे) टायर घेतले आणि मग जवळपास ४० लॅप तेच ओढले, त्यात तिथले वेगवान उजवे टर्न, सगळा भार डाव्या पुढच्यावर. एवढं कोणता टायर सहन करेल.

उत्तर: पण २०२१ च्या बाकूच्या (अझरबैजान) रेसला मॅक्स लीडवर असताना मागचा डावा गेला, स्ट्रोलचा पण तसाच, तिथे ड्रायव्हर काय करणार? भर सरळ रस्त्यावर, कसलीही वॉर्निंग नाही. मला तर हॅमिल्टनचा तो शेवटचा लॅपच सगळ्यात भारी वाटतो, गाडी वळत नव्हती तरी आणली.