दृढीकरणानंतर रिकामी होणारी बाके : किशोरवयीन मुलांच्या शिष्यत्वाविषयी एक प्रश्न

प्रश्नकर्ता (अहिल्यानगर जिल्हा)

ख्रिस्तात सप्रेम सलाम. आमच्या गावच्या मंडळीत (चर्चमध्ये) गेली चार वर्षे मी तरुण संघाचे काम पाहतो. तेरा ते सतरा वयाची चौदा मुलेमुली आहेत. शनिवारी सायंकाळी आम्ही जमतो. गीते होतात, खेळ होतात, पंधरा-वीस मिनिटे वचनावर बोलणे होते आणि प्रार्थनेनंतर चहा-बिस्किटे. उपस्थितीबद्दल माझी तक्रार नाही. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गात हीच मुले दहा आज्ञा, विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना घडाघडा म्हणून दाखवतात, बिशपसाहेब त्यांच्या मस्तकावर हात ठेवतात, पहिल्या प्रभुभोजनाचे फोटो निघतात, आणि अकरावीचे प्रवेश झाले की त्यांची बाके रिकामी होतात. आमचे एक पंच थट्टेने म्हणतात की दृढीकरण हा आपल्याकडे निरोप समारंभ झाला आहे.

या वयाच्या मुलांसाठी शिष्यत्वाचा एखादा चांगला पाठ्यक्रम कोणी वापरला आहे का, हे विचारण्यासाठी मी लिहायला बसलो होतो. परंतु दुसरीही एक गोष्ट मनात आहे. गेल्या महिन्यात दहावीतल्या एका मुलाने मला विचारले, “दादा, ख्रिस्ताची लाज धरू नका असे तुम्ही सांगता, मग माझ्या शाळेच्या दाखल्यावर घरच्यांनी जात आणि धर्म म्हणून जे लिहिले आहे, त्याचे काय?” मी काहीतरी बोलून विषय बदलला. त्यानंतर तो दोन शनिवार आलेला नाही.

निवृत्त शिक्षिका, पुणे

पाठ्यक्रमाचा प्रश्न मी थोडा बाजूला ठेवते. संडे स्कूलमध्ये तीस वर्षे शिकवताना मी पुष्कळ पुस्तके वापरली. त्यांतली काही बरी होती, काही परक्या देशातल्या मुलांसाठी लिहिलेली असल्यामुळे आमच्या मुलांना त्यातली उदाहरणेच समजत नसत. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात प्रभूने बारा जणांना नेमले तेव्हा त्यांनी आपल्याबरोबर असावे हे कारण आधी सांगितले आहे, आणि उपदेशाला पाठवण्याचे कारण त्यानंतर येते. आपण मात्र मुलांना आठवड्यातून वीस मिनिटे उपदेश ऐकवतो आणि बरोबर असण्याचा भाग चहा-बिस्किटांवर सोपवतो. चौदा मुलांबरोबर एकट्या माणसाला असे राहताच येणार नाही. मंडळीतली आणखी दोन-तीन मोठी माणसे शोधा आणि प्रत्येकाकडे चार-पाच मुले द्या. ती माणसे तरुणच असावीत, गिटार वाजवणारीच असावीत, असे मुळीच नाही. आपला तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास पौलाने त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापर्यंत मागे नेऊन दाखवला आहे.

दुसरे असे की मुलांकडे खरे काम द्या, खुर्च्या मांडण्याचे नव्हे. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. आमच्या मंडळीत ही सात नावे वर्षानुवर्षे ठरलेली असत. एका वर्षी एक वक्ते आजारी पडल्यामुळे नाइलाजाने “मला तहान लागली आहे” हा उद्गार नववीतल्या एका मुलाला दिला. तो दुष्काळी भागातून मावशीकडे शिकायला आलेला होता. तयारीसाठी तीन आठवडे तो माझ्या घरी येत असे, आणि टँकर येण्याची वाट पाहत आई रात्री हंडे घेऊन कशी बसते हे त्या तीन आठवड्यांत त्याने मला प्रथमच सांगितले. तो जेमतेम सहा मिनिटे बोलला. (प्रेषितांच्या कृत्यांतला युतुख पौलाचे लांबलेले भाषण ऐकता ऐकता झोपी जाऊन खिडकीतून खाली पडला, हे आपल्या वक्त्यांना अधूनमधून सांगायला हवे.) त्या सहा मिनिटांपेक्षा मला ते तीन आठवडे अधिक महत्त्वाचे वाटतात.

एक सावधगिरी अवश्य बाळगा. एखाद्या मुलाला किंवा मुलीला बंद खोलीत एकटे भेटू नये, रात्री खाजगी संदेश पाठवू नयेत, आणि कोण कोणाला केव्हा भेटते हे पालकांना ठाऊक असावे. लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला लागू आहे. कायदा नसता तरीही हे नियम पाळावेच लागले असते.

एक पाळक, मराठवाडा

ताईंच्या लिखाणाशी मी सहमत आहे, तरी माझे लक्ष त्या दाखल्याच्या प्रश्नावर खिळले आहे. तो मुलगा शनिवारी का येत नाही याचे उत्तर प्रश्नकर्त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

ही गाठ त्या मुलाने बांधलेली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. म्हणून आपल्याकडे कित्येक घरांत रविवारचे नाव एक आणि कागदावरची ओळख दुसरी असते. ही गोष्ट प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असते आणि व्यासपीठावरून कोणीही बोलत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाने ती मोठ्याने विचारली म्हणजे तो आपल्या शिकवणीकडे आपल्यापेक्षा जास्त गांभीर्याने पाहतो आहे.

त्याला निवाडा ऐकवू नका. “कागदाला महत्त्व नाही” असे म्हणालात तर ते खरे नाही, कारण त्या कागदावर त्याची शिष्यवृत्ती अवलंबून असू शकते. आणि “तुझे घर खोटेपणा करते आहे” असे म्हणालात तर कुटुंबाच्या चरितार्थाचे ओझे तुम्ही एका मुलाच्या खांद्यावर टाकाल. आधी त्याच्या घरी जा, विषय बदलल्याबद्दल त्याची क्षमा मागा, आणि त्याची तयारी असेल तर वडिलांसमोरच बोला. घाई नको. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर पाच वर्षांनी झाला. मधली वर्षे दोघांनी जशी काढली, ते शिष्यत्व नव्हते असे मी तरी म्हणणार नाही.

वसईकर

मी कॅथलिक असल्यामुळे आमच्याकडची पद्धत थोडी वेगळी आहे, तरी रिकाम्या बाकांचा अनुभव तोच आहे. दृढीकरण संस्कारासाठी आमच्यात प्रत्येक मुलाला एक धर्मपिता किंवा धर्ममाता असते. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे त्या व्यक्तीचे वय सर्वसाधारणपणे किमान सोळा असावे लागते, आणि दृढीकरण झालेल्या मुलाने ख्रिस्ताचा खरा साक्षीदार म्हणून वागावे याची काळजी तिने घ्यायची असते. व्यवहारात एखादे काका उभे राहतात, मनगटी घड्याळ भेट देतात आणि मोकळे होतात. मात्र जिथे ही निवड मुलानेच विचारपूर्वक केली, तिथे निराळे घडलेले मी पाहिले आहे. तुमच्या मंडळीत असा रिवाज नसला तरी दृढीकरणाच्या वर्गातच प्रत्येक मुलाला एका मोठ्या माणसाचे नाव सुचवायला सांगा, आणि त्या माणसाकडून पुढच्या दोन वर्षांची जबाबदारी मागा. संस्काराच्या दिवशी काम संपत नाही, तिथे ते सुरू होते, हे त्या दोघांनाही आधी कळले पाहिजे.

अभियांत्रिकीची विद्यार्थिनी

मी त्या रिकाम्या बाकांपैकी एक आहे, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट लिहिते. पहिली अशी की सोळाव्या वर्षानंतर आमच्या तरुण संघात वचन वाचण्याचे आणि प्रार्थना चालवण्याचे काम मुलांकडे गेले, तर आम्हा मुलींकडे रांगोळी आणि नाश्ता राहिला. कोणी आम्हाला मुद्दाम डावलले नसेल, पण आम्ही ते मोजत होतो.

दुसरी अशी की मी वसतिगृहात राहायला गेले तेव्हा मंडळीने सभासदत्वाच्या बदलीचे पत्र द्यायला आठ महिने लावले, आणि त्या काळात कोणाचाही फोन आला नाही. फक्त आमच्या मंडळीतल्या एक वृद्ध आत्या दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करून जेवण काय झाले एवढेच विचारत असत. मी पुन्हा उपासनेला जाऊ लागले त्याचे मुख्य कारण त्या आत्या आहेत, आणि त्यांनी मला एकदाही “चर्चला जातेस का” असे विचारलेले नाही. मूल शहरात जाणार हे दहावीच्या निकालावेळीच कळते. तेव्हाच तिथल्या पाळकांना पत्र लिहिता येते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मी त्या मुलाच्या घरी गेलो होतो. क्षमा मागितली तेव्हा तो काही बोलला नाही. त्याचे वडील मात्र ओसरीवर बराच वेळ गप्प बसून राहिले आणि मग म्हणाले की हा प्रश्न त्यांनी स्वतः शाळेत असताना त्यांच्या वडिलांना विचारला होता आणि मार खाल्ला होता. निघताना मुलगा फाटकापर्यंत आला आणि शनिवार किती वाजता असतो असे त्याने विचारले, जणू त्याला ते ठाऊकच नव्हते.

उत्तम शुक्रवारच्या सात नावांपैकी दोन नावे मुलांना, त्यातले एक मुलीला, द्यावे असा प्रस्ताव मी पंचांपुढे ठेवणार आहे. धर्मपित्यासारखी जबाबदारी घेतील अशी पाच माणसे मनात आली. त्यांतले तिघे साठीच्या पुढचे आहेत. पाळकसाहेबांना एक विचारायचे राहिले : दाखल्याविषयीचे बोलणे सगळ्या पालकांना एकत्र बोलावून करावे, की घराघरांत जाऊन?